फादर स्टीफन्स यांचे चरित्र कसे अभ्यासावे आणि कसे लिहावे

गोव्यात महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी, मराठी दिनाच्या भाषणासाठी किंवा दिवाळी अंकासाठी फादर थॉमस स्टीफन्स यांच्यावर लिहिण्याचा प्रसंग अनेकांवर येतो, आणि बहुतेक लेख एकाच ठरलेल्या वाटेने जातात. इंग्लंडमधील जन्म, गोव्यातील आगमन, मराठीची थोरवी गाणाऱ्या चार ओव्या आणि अखेरीस एक वंदन, एवढ्यात लेख संपतो. या मांडणीत खोटे काही नसते. पण चाळीस वर्षे दक्षिण गोव्यातील साष्टी महालात राहून काम केलेला एक ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ त्यातून पूर्णपणे निसटून जातो. साष्टीतील मराठी वाचकांबरोबर त्यांच्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यग्रंथाचे वाचन करताना माझे असे मत झाले आहे की, या माणसाचे चरित्र त्याच्या भाषेविषयीच्या निर्णयांतून वाचावे. त्याने कोणता शब्द ठेवला, कोणता टाळला, कोणत्या लिपीची इच्छा धरली आणि कोणत्या लिपीवर त्याला समाधान मानावे लागले, हे समजले की त्याचे धर्मशास्त्रही समजू लागते. ज्यांना असा लेख लिहावयाचा आहे, त्यांच्यासाठी कामाची एक पद्धत येथे सांगत आहे.

पहिल्या दिवशी काहीही लिहू नये. ख्रिस्तपुराणाचा एखादा अवस्वरू, म्हणजे अध्याय, मोठ्याने वाचावा. हा ग्रंथ ओवीत आहे आणि तो ऐकण्यासाठी रचलेला आहे. पहिल्या तीन चरणांच्या अंती यमक आणि चौथा चरण आखूड, ही एकनाथांच्या वाचकाला परिचित असलेली चाल कानावर पडली की, 'परकीय मिशनऱ्याने शिकून घेतलेली मराठी' ही कल्पना आपोआप मागे पडते. प्रसिद्ध ओव्यांपैकी एक अशी आहे:

जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी ।
कि परिमळांमाजि कस्तुरी ।
तैसी भासांमाजि साजिरी ।
मराठिया ॥

ही ओवी लेखात अवश्य घ्यावी, पण तिच्यावरच थांबू नये. एकूण 10,962 ओव्यांच्या ग्रंथातून केवळ भाषेच्या गौरवाच्या ओव्या वेचल्या, तर ग्रंथ कशाविषयी आहे हेच वाचकाला कळत नाही.

नावे आणि तारखा

शोध घेताना पहिली अडचण नावाची येते. ग्रंथसूचींत 'स्टीफन्स', 'स्टीव्हन्स', पोर्तुगीज वळणाचे 'इस्तेव्हांव' आणि जन्मगावावरून पडलेले 'बुस्टन' किंवा 'बुस्तेन' अशी रूपे आढळतात. ही सर्व रूपे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत; एकाच नावाने शोधल्यास अर्धी सामग्री हाती लागत नाही.

त्यानंतर खात्रीच्या तारखांचा एक कणा तयार करावा. जन्म सुमारे 1549 चा, इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन येथील, वडील व्यापारी. 20 ऑक्टोबर 1575 रोजी रोममध्ये येशूसंघात (जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात) प्रवेश. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून प्रयाण आणि 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात आगमन. त्यानंतर धर्मगुरुपदाची दीक्षा, साष्टीतील दीर्घ सेवा, राशोल येथील महाविद्यालयाचे प्रमुखपद, 1616 मध्ये ख्रिस्तपुराणाचे मुद्रण आणि 1619 मध्ये गोव्यातच निधन. एवढा कणा पुरेसा आहे.

तारखांविषयी एक खबरदारी घ्यावी. पोप ग्रेगरी यांनी 1582 मध्ये दिनदर्शिका सुधारली आणि जुन्या व नव्या गणनेत 10 दिवसांचा फरक पडला. त्यामुळे साष्टीतील कुंकळ्ळी गावी पाच येशूसंघी मारले गेले ती घटना, जी पुढे येईल, एका ठिकाणी 15 जुलै 1583 ची आणि दुसऱ्या ठिकाणी 25 जुलै 1583 ची दिलेली आढळते. हा विरोध नसून एकाच दिवसाची दोन गणने आहेत, हे ध्यानात न आल्यास चांगला अभ्यासकही दुसऱ्या लेखकावर चुकीचा आरोप ठेवून मोकळा होतो.

इंग्लंडमधील तरुणपणावर फार पाने खर्चू नयेत, परंतु एक गोष्ट मात्र सोडू नये. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राज्यात कॅथलिक पंथीयांवर मोठा जाच होता. स्टीफन्स यांचे मित्र थॉमस पाउंड यांनी त्यांच्याबरोबर रोमला जाण्याचे ठरविले होते. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे कारावासात गेली, तर स्टीफन्स एकटे रोमला पोचले. स्वतःच्या देशात धर्मावरून छळ पाहिलेला हा तरुण ज्या गोव्यात उतरला, तेथे 1560 पासून इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोहाच्या आरोपांची चौकशी करणारी चर्चची, न्यायसभा कार्यरत होती. या दोन गोष्टी लेखात एकमेकींजवळ ठेवाव्यात. त्यांवर भाष्य करण्याची गरज नाही. वाचकाला ती जवळीक जाणवते.

पत्रे आधी, गौरवग्रंथ नंतर

चरित्रकाराला स्टीफन्स यांचा स्वतःचा आवाज तीन पत्रांतून ऐकू येतो, आणि माझ्या मते ही तीन पत्रे वाचल्याशिवाय लेखणी उचलू नये. पहिले पत्र 10 नोव्हेंबर 1579 चे, गोव्यात पोचल्यावर अडीच आठवड्यांनी वडिलांना लिहिलेले. त्यात समुद्रप्रवासाचे वर्णन आहे. रिचर्ड हॅक्लुइट यांनी आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात ते छापले, म्हणून ते सहज उपलब्ध होते. हे पत्र धर्मशास्त्रज्ञाचे नाही, निरीक्षण करणाऱ्या मुलाचे आहे, आणि पुढे याच निरीक्षणशक्तीने भाषा टिपली.

दुसरे पत्र 24 ऑक्टोबर 1583 चे, रिचर्ड नावाच्या भावाला लॅटिनमध्ये लिहिलेले. या देशात भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार सुखद आहे आणि त्यांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे, असे स्टीफन्स त्यात नोंदवितात. अक्षर हे येथे पूर्ण अवयवाचे, म्हणजे व्यंजन व स्वर मिळून होणाऱ्या उच्चारघटकाचे, काम करते आणि स्वराप्रमाणे व्यंजनाचे रूप पालटते, हेही त्यांनी सांगितले आहे. आपल्याकडील बालक बाराखडी घोकताना जे शिकते, ते चार वर्षांत एका इंग्रजाने सूत्ररूपात मांडले. विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयीचे प्रसिद्ध विधान केले ते 1786 मध्ये, म्हणजे दोनशे तीन वर्षांनंतर. येथे उत्साहाच्या भरात 'भाषाकुलाचा शोध स्टीफन्स यांनी लावला' असे लिहिण्याचा मोह होतो; तो टाळावा. त्यांनी साम्य पाहिले व नोंदविले. त्या साम्यावरून सिद्धान्त मांडला नाही.

तिसरे पत्र मला सर्वांत मोलाचे वाटते. 5 डिसेंबर 1608 रोजी येशूसंघाचे प्रमुख क्लॉदिओ आक्वाविवा यांना लिहिताना स्टीफन्स यांनी या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तके छापण्याची अनेक वर्षांची इच्छा व्यक्त केली आहे. अडचणही त्यांनीच सांगितली आहे: येथील अक्षरे अवयवरूप असल्यामुळे युरोपातील चोवीस अक्षरांऐवजी सहाशेच्या आसपास साचे ओतावे लागतील. गोव्यात छापखाना 1556 मध्येच आला होता; परंतु देवनागरीचे खिळे तयार झाले नाहीत आणि 1616 मध्ये ख्रिस्तपुराण रोमन लिपीतच निघाले. ज्या लेखकाला मराठीचे हिरे-माणके दिसत होती, त्याला आपली ओवी परक्या लिपीत छापलेली पाहावी लागली. चरित्रात या पत्राला किमान एक पूर्ण परिच्छेद द्यावा.

1583 च्याच वर्षातील आणखी एक प्रसंग थोडक्यात सांगता येतो. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती हे इंग्रज व्यापारी होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आणले गेले, तेव्हा त्यांची जामिनावर सुटका होण्यास फादर स्टीफन्स यांची मदत झाली. प्रसंग रोचक आहे, पण इंग्रजी लेखकांनी त्याला दिलेले महत्त्व मराठी वाचकासाठी लिहिताना देण्याचे कारण नाही.

कुंकळ्ळीला जाऊन या

साष्टीविषयी लिहिण्यापूर्वी साष्टी पायांखालून घालावी. 1567 च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने या महालातील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडली. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला तो याच काळात. आज अंत्रुज (फोंडा) महालात दर्शनाला जाणाऱ्या कुळांच्या तोंडी मूळ गावाचे नाव अजून असते. स्टीफन्स साष्टीत आले तेव्हा ही जखम पंधरा वर्षांचीही झालेली नव्हती, आणि त्यांचे वाचक होणार होते ते याच गावांतील नवख्रिस्ती.

जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे रोदोल्फो आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघी सहकारी ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. रोदोल्फो हे अकबराच्या दरबारी फतेपूर सिक्रीला राहून आलेले धर्मगुरू आणि संघप्रमुख क्लॉदिओ आक्वाविवा यांचे पुतणे. मृतदेह मिळविण्याचे काम ज्यांच्यावर आले त्यांत फादर स्टीफन्स होते. 1608 चे पत्र ज्या संघप्रमुखांना गेले, त्यांच्याच पुतण्याच्या देहासाठी लेखक एकदा कुंकळ्ळीला धावला होता, ही गोष्ट लक्षात ठेवून ते पत्र वाचावे.

मात्र येथेच थांबणारा लेख अपुरा ठरतो. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकरांपैकी, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या मूळ कुळांपैकी, सोळा प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले; त्यांतील एक जण निसटला, असे सांगतात. चर्चने 1893 मध्ये पाच धर्मगुरूंना धन्य घोषित केले; गावकरांचे स्मारक आज कुंकळ्ळीत उभे आहे. कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गा फातर्प्याला गेली आणि शिगम्यात छत्र्यांच्या मिरवणुकीने ती अजूनही आपल्या जुन्या गावी येते. शक्य असल्यास त्या दिवशी तेथे जावे. चरित्रलेखकाने दोन्ही बाजूंच्या मृतांना सारख्याच आदराने नाव द्यावे, आणि 'हुतात्मा' हा शब्द एकाच बाजूसाठी राखून ठेवू नये. फादर स्टीफन्स यांच्याविषयी मला मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच त्यांचे चरित्र या दोन मृत्युकथांपैकी एक झाकून लिहिले जाऊ नये, असे मला वाटते.

पुराण कोणत्या प्रतीतून वाचावे

ख्रिस्तपुराण 1616, 1649 आणि 1654 असे तीनदा छापले गेले, पण त्या मुद्रणांची एकही प्रत आज ज्ञात नाही. एका जुन्या लेखावर विसंबून '1616 ची प्रत गोव्यात पाहावयास मिळते' असे मी एकदा लिहून बसलो होतो, आणि ते वाचून एक विद्यार्थी ती प्रत शोधत फिरला. तेव्हापासून जी प्रत स्वतः हाताळली नाही, तिच्या अस्तित्वाविषयी मी विधान करीत नाही. नव्या लेखकानेही करू नये.

आपल्यापर्यंत ग्रंथ आला तो हस्तलिखितांतून. मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनी रोमन लिपीतील प्रती जपल्या आणि त्यांच्या आधारे जे. एल. सालदाना यांनी 1907 मध्ये मंगळूरहून ग्रंथ छापला. पुढे 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली, आणि 1996 मध्ये कारिदाद द्रागो यांची. नवशिक्याने देवनागरी आवृत्तीपासून आरंभ करावा, पण अवतरण देण्यापूर्वी ते रोमन पाठाशी ताडून पाहावे. त्या काळची रोमन लेखनपद्धती अवघड वाटते, तरी तिला नियम आहेत. 'ण' साठी 'एन' हे अक्षर दुहेरी येते, 'मराठी' या शब्दात 'टी' दुहेरी असतो, आणि 'व' साठी पुष्कळदा 'यू' वापरलेला असतो. त्यामुळे 'कवित्व' हा शब्द पहिल्या दृष्टीस ओळखूच येत नाही. पंधरा-वीस ओव्या स्वतः देवनागरीत उतरवून काढल्या की डोळा सरावतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

लंडनच्या 'स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज' या संस्थेतील मार्स्डेन संग्रहात ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखितही आहे आणि त्याची भाषा रोमन पाठापेक्षा अधिक संस्कृतप्रचुर आहे. म्हणून एखाद्या शब्दावर मोठा निष्कर्ष उभारण्यापूर्वी तो कोणत्या पाठातील आहे हे नोंदवावे. 'स्टीफन्स यांनी अमुक संस्कृत शब्द योजला' असे विधान एका पाठापुरते खरे आणि दुसऱ्या पाठापुरते खोटे असू शकते.

कवीतील धर्मशास्त्रज्ञ कसा ओळखावा

ग्रंथाची दोन पुराणे आहेत. पहिल्यात 36 अवस्वरू असून सृष्टीची निर्मिती, मानवाचे पतन आणि तारकाची प्रतीक्षा हा बायबलच्या जुन्या कराराचा विषय येतो. दुसऱ्यात 59 अवस्वरू असून ख्रिस्ताचे जीवन येते. ही मांडणी हीच पहिली धर्मशास्त्रीय भूमिका आहे: तारक का हवा हे आधी पटवावयाचे, आणि मग तो आला हे सांगावयाचे.

आरंभीच्या अवस्वरूत एक नवख्रिस्ती पाद्रीला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास दुसरी का देत नाही? या प्रश्नावर वाचकाने बराच वेळ थांबावे. साष्टीतील माणसाची भूक त्यात आहे. देव गेला, पोथीही गेली, आणि संध्याकाळी बसून ऐकावयास काही उरले नाही. हा प्रश्न लेखकाने स्वतः ऐकला आणि लपविला नाही, ग्रंथाच्या दारातच मांडला. कृष्णदास शामा यांनी 1526 मध्ये श्रीकृष्णचरित्र मराठीत रचले ते याच केळशी परिसरात, म्हणजे गोव्यात ओवीचा संस्कार स्टीफन्स यांच्या आगमनापूर्वीच रुजलेला होता. जुन्या हिंदू ग्रंथांच्या काही रोमन प्रती पाद्रींनी उतरवून घेतल्या, त्या पोर्तुगालमधील ब्रागा येथे आजही आहेत. पुराण बंद करणारी संस्था आणि ते अभ्यासणारी संस्था एकच होती, हे लेखात स्पष्ट यावे.

आता शब्दांची वही करावी. एका बाजूस देशी शब्द लिहावेत: परमेश्वर, वैकुंठ, पुण्य, पाप, मुक्ती. दुसऱ्या बाजूस पोर्तुगीज-लॅटिन शब्द: बाप्तिज्म, स्पिरितु सांतु (पवित्र आत्मा), पाद्री. प्रत्येक शब्दाखाली ओवीचा क्रमांक द्यावा. शंभरेक ओव्यांनंतर आकृती दिसू लागते. स्वर्गासाठी 'वैकुंठ' चालतो, कारण ऐकणाऱ्याला त्यातून परमसुखाचे स्थान कळते. परंतु जेथे चर्चचा विशिष्ट सिद्धान्त किंवा संस्कार आहे, तेथे रूढ शब्दाला जुना अर्थ चिकटून येण्याचे भय असते आणि तेथे परका शब्दच येतो. ही सीमारेषा कवी कोठे आखतो, हे पाहणे म्हणजेच त्याचे धर्मशास्त्र पाहणे होय. ट्रेंट येथील कॅथलिक चर्चची धर्मपरिषद 1563 मध्ये संपली होती आणि सिद्धान्ताच्या शब्दांविषयी रोम अत्यंत काटेकोर झाले होते. अशा काळात 'वैकुंठ' लिहिणे हे लहान धाडस नव्हते.

मराठी की कोकणी

गोव्यात या विषयावर लिहिणाऱ्याला हा प्रश्न विचारला जातोच. उत्तर ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे आणि ते तेथूनच द्यावे. स्टीफन्स सांगतात की, देवाच्या गोष्टी निरूपण करण्यास या देशीच्या भाषांत मराठी योग्य वाटली, म्हणून ग्रंथ मराठीत लिहिला. पण शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून मागील कवीश्वरांचे अवघड शब्द सोडले आणि ठायी ठायी ब्राह्मणांच्या भाषेतील सोपे शब्द मिसळले. ही ब्राह्मणांची भाषा म्हणजे कोकणी. त्याच लेखकाची ख्रिस्ती सिद्धान्तांची प्रश्नोत्तररूप पोथी कोकणीत असून ती मृत्यूनंतर 1622 मध्ये राशोलला छापली गेली, आणि त्यांचे कोकणीचे व्याकरण दियोगु रिबेरु यांनी वाढवून 1640 मध्ये तेथेच प्रसिद्ध केले. आधुनिक भारतीय भाषेचे छापलेले ते पहिले व्याकरण होय. काव्यासाठी मराठी, मुलांना धडा देण्यासाठी कोकणी, असा त्यांचा विवेक होता. आजच्या वादात त्यांना कोणत्याही एका बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करणे अन्यायाचे होईल. 1684 मध्ये व्हाइसरॉयने कोकणीच्या वापराविरुद्ध फर्मान काढले, तेव्हा स्टीफन्स यांच्या संपूर्ण धोरणाच्या उलट दिशा राज्याने धरली, हेही त्याच परिच्छेदात सांगावे.

सामग्री जमली की एक दिवस राशोलला जावे. जुन्या कागदांत याचे नाव रायतूर असेही आढळते. जुवारी नदीच्या काठावरील टेकडीवर सेमिनरी (धर्मगुरूंचे विद्यालय) आणि तिची इगर्ज, म्हणजे चर्च, आहे. खाली किल्ल्याचा दरवाजा उरला आहे. पर्वरी येथील थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र आणि झेवियर इतिहास संशोधन केंद्र या दोन संस्थांतील ग्रंथसंग्रहांचा उपयोग होतो; जाण्यापूर्वी पत्र पाठवून कोणता ग्रंथ हवा हे कळवावे.

लेखाचा मसुदा पूर्ण झाल्यावर तो दोघांना वाचून दाखवावा: एक जण फातर्प्याच्या जत्रेला जाणाऱ्या घरातील असावा, आणि दुसरा साष्टीतील इगर्जीत वाढलेला. दोघांनाही मराठी उत्तम येत असणे आवश्यक नाही. ओव्या कळल्या नाहीत तर सावकाश सांगाव्यात. ज्या वाक्याशी त्यांपैकी कुणी अडखळेल, त्या वाक्याचा आधार पुन्हा तपासावा, आणि आधार भक्कम असल्यास वाक्य तसेच ठेवून त्याच्याशेजारी त्या ऐकणाऱ्याची आठवणही, त्याच्या संमतीने, नोंदवून घ्यावी.